रिसेलर होस्टिंगला ग्राहक मिळतात कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सांगलीत राहता. एका मोठ्या कंपनीकडून तीस सीपॅनेल खात्यांचा रिसेलर प्लॅन घेतला (म्हणजे वेबसाइट आणि मेल ठेवायची सर्व्हरवरची जागा घाऊक घेऊन पुढे विकायची; सीपॅनेल हे ती जागा सांभाळायचं पॅनेल), ग्राहकांच्या बिलांसाठी डब्ल्यूएचएमसीएस बसवलं, सिल्व्हर-गोल्ड-प्लॅटिनम असे प्लॅन लावले, फेसबुकवर पैसे घालून जाहिरातही केली. हाती आले चार ग्राहक, त्यातले दोन नात्यातले. मोठ्या कंपन्या महिना शंभर-दीडशे रुपयांत होस्टिंग देत असताना माझ्याकडे कोणी का यावं, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात हाच धंदा बरीच वर्षं करतोय. माझे बहुतेक ग्राहक भोसरी-चाकणचे छोटे कारखानदार आहेत. शिवाय काही कॉलेजं आहेत आणि बरेच वेब डिझायनर. त्यामुळे जे लिहितोय ते याच प्रकारच्या धंद्याबद्दल आहे. लाखो ग्राहकांची होस्टिंग कंपनी कशी उभी करायची, हा विषय वेगळा.

जो माणूस रात्री मोबाइलवर चार कंपन्यांचे दर ताडून बघतो, तो तुमच्याकडे येणार नाही आणि त्याच्यामागे धावण्यात अर्थही नाही. त्याला स्वस्त हवंय, सीपॅनेल त्याला स्वतःला वापरता येतं आणि चॅटवर इंग्रजीत बोलायला त्याची हरकत नसते. तुमच्याकडे येणारा माणूस वेगळा आहे. त्याची वेबसाइट पाच-सात वर्षांपूर्वीच तयार झालेली असते. ती कुठे होस्ट केली आहे, डोमेन कोणाच्या नावावर आहे, दर वर्षी पैसे कोणाला जातात, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं. ज्या मुलाने साइट केली तो नोकरी लागून बेंगळुरूला गेला, फोन उचलत नाही. आणि एक दिवस मेल बंद पडतो. त्या दिवशी त्याला होस्टिंगचा प्लॅन नको असतो. ज्याला फोन करता येईल असा माणूस त्याला हवा असतो. आपला सगळा धंदा त्या फोनवर चालतो. म्हणून ग्राहक शोधायचे म्हणजे अशी अडचण कोणाकोणाला आहे ते शोधायचं, आणि अडचण आली की ही मंडळी आधी कोणाला विचारतात त्या लोकांपर्यंत पोचायचं.

कुपवाड एमआयडीसी तुमच्या घरापासून फार लांब नाही. मिरजेत इस्पितळं आहेत, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे व्यापारी आहेत, तासगावकडे बेदाणावाले आहेत. मिरजेतल्या सतार-तानपुरा करणाऱ्या कारागिरांचा माल परदेशात जातो आणि २०२४ मध्ये त्यांच्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. या सगळ्यांतून ज्यांना स्वतःचं डोमेन आहे अशा पन्नास जणांची यादी करा. मग प्रत्येकाच्या डोमेनची जी माहिती कोणालाही उघड दिसते तेवढी बघा. हूइजमध्ये, म्हणजे डोमेनच्या उघड नोंदवहीत, मुदत कधी संपते? एमएक्स नोंद, म्हणजे मेल कोणत्या सर्व्हरवर उतरतात ते सांगणारी, कुठे जाते? एसपीएफ, म्हणजे या डोमेनचे मेल कोणकोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची नोंद, आहे का? साइट उघडल्यावर ब्राउझर 'नॉट सिक्युअर' म्हणतो का? क्रोमने जुलै २०१८ पासून एचटीटीपी साइटवर हा शेरा द्यायला सुरुवात केली, तो घालवणारं लेट्स एन्क्रिप्टचं एसएसएल प्रमाणपत्र फुकट मिळतं, तरीही असा शेरा मिरवणाऱ्या साइट अजून सापडतात. अशी साइट दिसली की समजा, तिच्याकडे लक्ष देणारं कोणीच उरलेलं नाही. सर्व्हरच्या उत्तराच्या हेडरमध्ये पीएचपी ५.६, म्हणजे साइट चालवणाऱ्या भाषेची फार जुनी आवृत्ती, दिसली तर तेच. पीएचपी ७.४ चा सुद्धा पाठिंबा नोव्हेंबर २०२२ मध्ये संपलाय.

एक सावधगिरी बाळगा. उघड दिसतं तेवढंच बघायचं. परक्याच्या साइटवर भोकं शोधणारी स्कॅनर चालवायची आणि 'तुमची साइट हॅक होऊ शकते' असा मेल टाकायचा, हा प्रकार काही लोक करतात. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली येतं. शिवाय घाबरवून मिळवलेला ग्राहक टिकत नाही, तो दुसऱ्या कोणी जास्त घाबरवलं की तिकडे जातो.

या यादीतून सगळ्यात जास्त कामाची निघते ती मेलची अडचण. हे जरा सविस्तर सांगतो, कारण माझे निम्मे कारखानदार याच वाटेने आलेत. छोट्या कारखानदाराला वेबसाइटचं फारसं काही पडलेलं नसतं, वर्षात दहा-वीस लोक बघत असतील. पण कोटेशन मेलने जातं, ड्रॉइंग मेलने येतं, पर्चेस ऑर्डर मेलने येते. त्याचा मेल मोठ्या कंपनीच्या पर्चेसवाल्याच्या स्पॅममध्ये पडत असेल, तर त्याला ते महिनोन्‌महिने कळत नाही. 'आपला रेट जास्त झाला असेल' असं समजून तो गप्प बसतो.

अशा माणसाकडे गेलात की प्लॅन, जीबी, बँडविड्थ यातलं काही काढू नका. एवढंच म्हणा, "साहेब, तुमच्या ऑफिशियल आयडीवरून मला आत्ता एक मेल टाका." तुमच्या जीमेलवर तो येईल, बहुधा स्पॅममध्ये. त्यांच्यासमोरच तो उघडा, लॅपटॉपवर तीन टिंबांच्या मेनूतून 'शो ओरिजिनल' दाबा. वर एक छोटा तक्ता दिसतो: एसपीएफ, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद). एसपीएफच्या पुढे 'परमएरर' (नोंदच चुकीची) किंवा 'सॉफ्टफेल' (पाठवणारा सर्व्हर नोंदीत नाही) लिहिलेलं असेल, डीकेआयएमची ओळच नसेल. परमएरर असेल तर डीएनएसच्या, म्हणजे डोमेनची साइट आणि मेल कोणत्या सर्व्हरवर आहेत ते सांगणाऱ्या यादीच्या, टीएक्सटी नोंदी काढून बघा. हमखास सापडणारा दोष म्हणजे एकाच डोमेनला दोन एसपीएफ नोंदी. एक जुन्या होस्टिंगवाल्याने घातलेली, दुसरी नंतर झोहो किंवा गूगलचा मेल घेतला तेव्हा कोणीतरी घातलेली. नियमाप्रमाणे एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद चालते. दोन असल्या की समोरचा सर्व्हर दोन्ही धरत नाही. दोन्हींतला मजकूर एका ओळीत आणायचा, दुसरी नोंद काढून टाकायची, मेल सीपॅनेलवरून जात असेल तर तिथल्या 'ईमेल डिलिव्हरेबिलिटी'त, झोहो किंवा गूगलवरून जात असेल तर त्यांच्या पॅनेलमध्ये जाऊन डीकेआयएम चालू करायचं. डीएनएसचा ताबा कोणाकडे आहे हे माहीत असेल तर काम दहा-पंधरा मिनिटांचं. चहा येईपर्यंत दुसरा मेल टाकायला सांगा. तो इनबॉक्समध्ये आला आणि तक्त्यात एसपीएफ आणि डीकेआयएमपुढे 'पास' दिसलं, की पुढचं बोलणं ते स्वतः सुरू करतात.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही गोष्टी सक्तीच्या झाल्या, पण लहानांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यातलं एक तरी लागतंच. वर्षानुवर्षं सुरळीत चाललेले मेल त्यानंतर अडकायला लागले आणि कारण कोणीच समजावून सांगितलं नाही, असे कितीतरी व्यावसायिक अजून आहेत. तुमच्या जिल्ह्यातही असणारच.

त्याच बैठकीत एक प्रामाणिक सल्ला देऊन टाका. ज्याचा धंदा मेलवर आहे त्याने मेल शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या साइट असलेल्या एकाच सर्व्हरवर, ठेवू नये. साइट तुमच्याकडे राहू द्या, मेल झोहोकडे किंवा गूगल वर्कस्पेसकडे न्या, आणि ते सगळं जुळवून देण्याचे, सांभाळण्याचे पैसे तुम्ही घ्या. होस्टिंगची थोडी जागा कमी विकली जाईल, पण रात्री-बेरात्री येणारे 'मेल जात नाहीये'चे फोन बंद होतील आणि माणूस तुम्हाला सोडणार नाही.

कारखानदार एकेक करून येतात. एकगठ्ठा खाती हवी असतील तर वेब डिझायनरकडे जा. एकाच वाटेवर जोर लावायचा असेल तर याच वाटेवर लावा, असं मी म्हणेन.

प्रत्येक शहरात घरून काम करणारे डिझायनर आणि दोन-तीन माणसांच्या एजन्सी असतात. वर्डप्रेसमध्ये साइट सुंदर करतात, पण सर्व्हर म्हटलं की त्यांना नको होतं. एकेकाकडे दहा ते चाळीस साइट असतात आणि बहुतेक वेळा त्या सगळ्या एकाच 'अनलिमिटेड' प्लॅनमध्ये ॲडऑन डोमेन म्हणून कोंबलेल्या असतात. त्यातल्या एका साइटवर फुकटात उतरवलेली चोरीची थीम असते, तिच्यातून मालवेअर शिरतं आणि खातं एकच असल्यामुळे बाकी सगळ्यांत पसरतं. मग डिझायनरला एकाच दिवशी पंधरा ग्राहकांचे फोन येतात.

ही मंडळी शोधायला कुठे जावं लागत नाही. मघाच्याच पन्नास साइट उघडा आणि अगदी खाली फुटरमध्ये बघा: 'डिझाइन्ड बाय अमुक'. तुमच्या भागात तीच ती सहा-सात नावं परत परत दिसतील. ती वहीत लिहा, पुढे त्यांच्या साइटची संख्या लिहा. ज्याच्या नावापुढे वीस साइट आहेत त्याला आधी भेटा. फोनवर हे काम होत नाही, समोर बसूनच होतं.

भेटल्यावर दर सांगायची घाई करू नका. "रात्री साइट बंद पडली तर काय करता?" एवढं विचारा आणि ऐकत बसा. मग त्यांची सगळ्यात जास्त त्रास देणारी एक साइट मागून घ्या, फुकट हलवून द्या. ती नीट हलवणं म्हणजेच तुमची जाहिरात, म्हणून तिथे घाई नको. आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरांकडे किती वेळ साठून राहते तो काळ, ३०० सेकंदांवर आणा. पूर्ण बॅकअप तुमच्याकडे उतरवा, स्वतःच्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी घालून (म्हणजे नव्या सर्व्हरवरची साइट फक्त तुम्हाला दिसेल) साइट पानं-पानं तपासा, फॉर्म भरून बघा, मगच नोंद बदला. मेल त्याच सर्व्हरवर असतील तर आयमॅपसिंक या मेल नकलून आणणाऱ्या प्रोग्रॅमने आणा आणि डीएनएस बदलल्यावर एकदा पुन्हा चालवा, म्हणजे मधल्या काळात जुन्या सर्व्हरवर पडलेले मेलही येतात. भोसरीत कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, म्हणून मी असली कामं बुधवारी रात्री करतो. कुपवाडला ज्या दिवशी सुट्टी असेल त्याच्या आदल्या रात्री करा.

साइट मराठी असेल तर आणखी एक बघा. जुन्या डेटाबेसात कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरसंच, लॅटिन-१ हा रोमन लिपीचा असतो आणि आत मजकूर युनिकोडमध्ये भरलेला असतो. आंधळेपणाने एक्स्पोर्ट-इम्पोर्ट केलं की मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा चित्रविचित्र रोमन अक्षरं येतात. डम्प, म्हणजे डेटाबेसाची उतरवलेली प्रत, कोणत्या कॅरॅक्टर सेटमध्ये काढायचा आणि तो यूटीएफ८एमबी४ या युनिकोड संचात कसा आणायचा, हे एकदा बसून शिकून घ्या. दूरच्या कंपनीचा सपोर्टवाला मराठी वाचू शकत नाही, त्याला साइट 'चालू' दिसते आणि तो तिकीट बंद करतो. दिवाळी अंक, स्थानिक साप्ताहिकं, साहित्य संस्था, वाचनालयं यांच्या साइट हलवायच्या असतात तेव्हा हे येणारा माणूस तालुक्यात एखादाच असतो.

डिझायनरशी व्यवहार ठरवताना तीन गोष्टी कागदावर द्या. त्याच्या प्रत्येक ग्राहकाला वेगळं सीपॅनेल खातं. बिल डिझायनरच्या नावाने, पॅनेलवर तुमचं नाव कुठेही नाही. आणि त्याच्या ग्राहकाला तुम्ही थेट फोन, मेल, दिवाळीचा शुभेच्छासंदेश यातलं काहीही कधीच पाठवणार नाही. या तिसऱ्या गोष्टीची त्याला खरी भीती असते, म्हणून ती आपण होऊन लिहून द्या. दर असा ठेवा की तुम्ही त्याला वर्षाला पंधराशेला दिलं तर तो पुढे तीन हजारांना देऊ शकेल. मात्र एकाच डिझायनरवर सगळा डोलारा उभा करू नका. तो एका रात्रीत चाळीस खाती घेऊन जाऊ शकतो. एकूण उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त एकाकडून येऊ लागलं की दुसरा डिझायनर शोधायला लागा.

डिझायनरखालोखाल उपयोगी पडतात ते दर महिन्याला ऑफिसात जाणारे लोक: टॅली विकणारा, सीसीटीव्ही आणि कॉम्प्युटरच्या वार्षिक देखभालीचं काम (एएमसी) घेणारा, व्हिजिटिंग कार्ड आणि लेटरहेड छापणारा प्रेसवाला. 'आउटलुक चालत नाही' ही तक्रार सगळ्यात आधी हार्डवेअरवाल्याच्या कानावर येते. त्याला पहिल्या वर्षाच्या रकमेतले वीस टक्के द्या, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याने पाठवलेल्या माणसाचा फोन त्याच दिवशी घ्या. त्याचं नाव तिथे पणाला लागलेलं असतं. प्रेसवाल्याकडे नवं लेटरहेड छापायला आलेला माणूस जीमेलचा आयडी देतो, तेव्हा 'डोमेनचा आयडी घ्या ना' हे वाक्य प्रेसवालाच म्हणू शकतो. सीए मंडळींशी ओळख ठेवा, पण त्यांना कमिशन देऊ करू नका. त्यांच्या संस्थेचे नियम कडक असतात आणि भल्या माणसाला अवघड वाटतं.

कॉलेजं आणि शाळा हा एक वेगळा वर्ग आहे. नॅक मूल्यांकन झालेल्या कॉलेजला दर वर्षी एक्यूएआर हा गुणवत्तेचा अहवाल भरावा लागतो आणि त्यात दिलेले पुराव्यांचे दुवे कॉलेजच्याच वेबसाइटवरच्या पीडीएफकडे जातात. साइट नव्याने केली, फोल्डर बदललं की शेकडो दुवे तुटतात आणि कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचे (आयक्यूएसी) समन्वयक प्राध्यापक रडकुंडीला येतात. "जुना एकही दुवा तुटू देणार नाही" हे आश्वासन त्यांना हवं असतं आणि जुना पत्ता आपोआप नव्याकडे वळवणारे रीडायरेक्ट नीट लावले तर ते देता येतं. सीबीएसई शाळांना 'मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर'चं पान स्वतःच्या साइटवर ठेवावंच लागतं, त्यामुळे साइट बंद पडली तर मुख्याध्यापक लगेच फोन करतात. या संस्थांत तीन कोटेशन, खरेदी समिती, मग चेक, असा प्रवास असतो. पैसे उशिरा येतात, बरेचदा मार्चमध्ये, पण एकदा आलेली संस्था सहसा कुठे जात नाही.

सहकारी बँकांच्या मागे मात्र लागू नका. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या डोमेनवर यायला सांगितलं, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ ची होती आणि नोंदणीचं काम एकट्या आयडीआरबीटीकडे, म्हणजे रिझर्व्ह बँकेनेच उभारलेल्या संस्थेकडे, दिलं. त्यासोबत सुरक्षेच्या ज्या अटी येतात त्या शेअर्ड रिसेलर सर्व्हरवर पाळता येण्यासारख्या नाहीत. ओळखीचे संचालक आग्रह करतील, तरी नाही म्हणा.

जाहिरातींबद्दल थोडक्यात. 'वेब होस्टिंग' या शब्दावर गूगल ॲड्स लावू नका, तिथे मोठ्या कंपन्या बोली लावतात आणि तुमचे पैसे दोन दिवसांत संपतील. फेसबुकची बूस्ट केलेली पोस्ट बंद करा. पैसे घेऊन लीड, म्हणजे संभाव्य ग्राहकांची नावं-नंबर, पुरवणाऱ्या डिरेक्टरींचीही तीच गत, एकच लीड अनेकांना जाते आणि जो सर्वांत कमी दर सांगतो त्याला काम मिळतं. नवीन डोमेन घेणाऱ्याला लगोलग फोन करायचा प्रकारही सोडा. त्या माणसाला तसे ढिगाने फोन येत असतात. गूगल बिझनेस प्रोफाइल मात्र मन लावून भरा, खऱ्या ग्राहकांना खरा अभिप्राय लिहायला सांगा. गूगलने या प्रोफाइलवरच्या फुकट वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. ज्या दुकानदारांच्या पाट्यांवर आणि कार्डांवर अजून तो जुना पत्ता छापलेला दिसतो, त्यांना जाऊन भेटा.

तुमच्या स्वतःच्या साइटवरून सिल्व्हर-गोल्ड काढा आणि मराठीत अडचणींची पानं लिहा. उदाहरणार्थ, 'डॉट कॉम डोमेनची मुदत संपली, आता काय?' त्यात स्पष्ट लिहा: मुदत संपल्यावर कंपनीनुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांपर्यंत नेहमीच्या दराने नूतनीकरण करता येतं, त्यानंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ येतो ज्यात मोठा दंड भरावा लागतो, मग ५ दिवस काहीच करता येत नाही आणि नंतर डोमेन कोणालाही मिळू शकतं. हे शोधणारा माणूस त्या क्षणी घाबरलेला असतो. त्याला आपल्या भाषेत नेमकं उत्तर आणि खाली फोन नंबर मिळाला तर तो फोन करतो. असं एक पान दहा जाहिरातींहून जास्त काम करतं.

आता दर. मोठ्या कंपनीचा शंभर-दीडशेचा दर बहुतेक वेळा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो आणि नूतनीकरणाचा दर त्याच्या कितीतरी पट असतो. ग्राहकाने विचारलं तर हे शांतपणे दाखवा, पण त्या दराशी स्पर्धा करू नका. तुमचं गणित असं मांडा. रिसेलर प्लॅन महिना पंधराशे रुपयांचा धरला तर वर्षाचे अठरा हजार, तीस खात्यांवर वाटले तर खात्यामागे सहाशे. डॉट कॉमचे हजार-बाराशे. बॅकअपसाठी वेगळी जागा घेतली तर आणखी दोनशे. म्हणजे एका ग्राहकामागे साधारण दोन हजार खर्च. डोमेन, होस्टिंग, एसएसएल, बॅकअप आणि फोनवरची मदत मिळून साडेचार हजार घेतले तर अडीच हजार उरतात. तीस ग्राहकांचे वर्षाला पंचाहत्तर हजार होतात.

ही रक्कम नीट बघा. नुसत्या होस्टिंगवर घर चालत नाही. वर्डप्रेस अद्ययावत ठेवणं, मेलची व्यवस्था, महिन्यातून दोनदा साइटवर मजकूर बदलून देणं याचा वार्षिक करार त्याला जोडला तरच हा धंदा उभा राहतो, आणि होस्टिंग तुमच्याकडे असल्यामुळे तो करार मिळवणं सोपं जातं. दर अगदी काठावर ठेवू नका. २०१९ मध्ये सीपॅनेलने खात्यांच्या संख्येवर परवान्याचं शुल्क लावलं, तेव्हा ज्यांनी काहीशेंच्या फायद्यावर विकलं होतं त्यांचा फायदाच संपला. असं पुन्हाही होऊ शकतं. आणि पहिल्या वर्षी जो दर, तोच दुसऱ्या वर्षी ठेवा. माझ्याकडचे ग्राहक दुसऱ्यांना सांगताना ही गोष्ट आवर्जून सांगतात.

जीएसटीचंही ग्राहक बघून ठरवा. सेवांसाठी वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. पण कारखानदार जीएसटीचं बिल मागणारच, कारण ते १८ टक्के त्याला इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळतात. मिरजेच्या डॉक्टरांना ते मिळत नाहीत, त्यांची सेवाच करमुक्त आहे, त्यामुळे त्यांना तुम्ही तेवढे महाग पडाल. यादीत कारखानदार जास्त असतील तर स्वेच्छेने नोंदणी करून टाका.

ग्राहक जोडून ठेवणारी एक गोष्ट मी सगळ्यांत वर ठेवतो: डोमेन ग्राहकाच्याच नावावर, त्याच्याच मेलवर आणि त्याच्याच मोबाइलवर नोंदवा. आपल्या नावावर घेऊन ग्राहक 'बांधून' ठेवणारे या धंद्यात पुष्कळ आहेत आणि बाजारात जो अविश्वास आहे तो त्यांनीच पेरलाय. पहिल्याच भेटीत एका पानाचं पत्र द्या: डोमेन तुमच्या मालकीचं आहे, तुम्हाला जायचं असेल तर मागितल्यापासून दोन दिवसांत पूर्ण बॅकअप आणि डोमेन दुसरीकडे न्यायला लागणारा ऑथ कोड मिळेल, कारण विचारलं जाणार नाही. ज्याचं डोमेन आधी कोणीतरी अडकवून ठेवलं होतं तो माणूस हे पत्र दोनदा वाचतो आणि तिथेच ठरवतो.

नाही म्हणायचे ग्राहकही ठरवून ठेवा. मटक्याचे निकाल दाखवणारे आगाऊ पैसे घेऊन येतील. १८८७ पासून जुगाराविरुद्ध कायदा असलेल्या राज्यात आपण राहतो, आणि निकालाच्या वेळेला त्या साइटवर येणारी गर्दी तुमचा सर्व्हर बसवेल. एकदम हजारो मेल पाठवणारे नकोत. एकाच्या उद्योगामुळे सर्व्हरचा आयपी स्पॅमहाउसच्या काळ्या यादीत गेला की तुमच्या सगळ्या कारखानदारांचे मेल परत यायला लागतील. स्थानिक न्यूज पोर्टलं घ्या, पण वेगळ्या दराने. मतमोजणीच्या दिवशी त्यांच्यावर इतके लोक येतात की क्लाउडलिनक्सने (सर्व्हर चालवणाऱ्या प्रणालीने) प्रत्येक खात्याला घातलेली मर्यादा ओलांडून पानावर ५०८ ची चूक झळकते, आणि नेमकं त्याच दिवशी संपादकांना साइट हवी असते.

हे सगळं सुरू करायच्या आधी तुमच्या वरच्या कंपनीची परीक्षा घ्या. सर्व्हर मुंबईत आहे ना? रात्री दोन वाजता तिकीट टाकलं तर माणूस उत्तर देतो का? बॅकअप दुसऱ्या जागी जातो का, आणि त्यातून एक साइट तुम्ही स्वतः परत उभी करून बघितली आहे का? उत्तरं समाधानकारक नसतील तर ग्राहक चार असतानाच कंपनी बदला, चाळीस झाल्यावर फार जड जातं. डब्ल्यूएचएमसीएसचं लायसन्स प्लॅनसोबत फुकट नसेल तर सध्या बंद करा. तीस ग्राहकांपर्यंत एक्सेल आणि मोबाइलचं कॅलेंडर पुरतं.

आणि आहेत त्या चार जणांपासून सुरुवात करा. चौघांनाही या आठवड्यात मेल पाठवायला सांगून तो तक्ता तपासा, चुका असतील त्या न मागता दुरुस्त करा, डोमेन त्यांच्या नावावर आहे का ते बघून नसेल तर करून द्या. मग प्रत्येकाला एकच विचारा: तुमच्या ओळखीत कोणाची वेबसाइट किंवा मेल त्रास देतोय का? नात्यातल्या दोघांनाही विचारा. त्यांचे शेजारी गाळेवाले तुमचे नातेवाईक नाहीत.